खुले पत्र : प्रतिकारशक्तीला चुकवणाऱ्या विषाणूबद्दल पालकांना पुरते सांगा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मा. शिक्षणाधिकारी,
जिल्हा परिषद, सांगली.

विषय : एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा मानवी पॅपिलोमा विषाणू) लसीकरणाआधीच्या पालक सभेत हा विषाणू शरीरात काय करतो ते सविस्तर सांगण्याबाबत, आणि त्याच सभेत मातांच्या एचपीव्ही चाचणीची नोंदणी करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पलूस तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नातीची पालक म्हणून मी सभेला बसले होते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला प्रतिबंध करणाऱ्या लशीची माहिती देण्यासाठी ती सभा होती. माझ्या पुढच्या बाकावर बसलेल्या एका आईने उठून विचारले, "माझी पोरगी धडधाकट आहे. कबड्डी खेळते, घरचं दूध-भाकरी खाते, सर्दीपलीकडं तिला कधी काही झालं नाही. तिची प्रतिकारशक्ती चांगली असताना ही सुई कशासाठी?" तिला उत्तर मिळाले ते एवढेच : शासनाची योजना आहे, फुकट आहे, करून घ्या. ती बाई खाली बसली. सभा संपल्यावर तिने संमतिपत्राची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि सही न करता ती निघून गेली.

त्या आईचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. या विषयातला सर्वांत नेमका प्रश्न तिनेच विचारला होता, आणि त्याला नेमके उत्तर आहे. ते सभेत दिले गेले नाही, म्हणून हे पत्र.

मी सव्वीस वर्षे मिरजेत ऊतकांच्या तपासणीचे काम केले. शस्त्रक्रियेत काढलेला किंवा तपासणीसाठी घेतलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे केसाहून बारीक काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगणारी ती पट्टी काचेवर अलगद उचलायची आणि रंगवायची. निदान डॉक्टर करत. पण रंग नीट बसला की नाही ते पाहण्यासाठी प्रत्येक काच आधी माझ्या डोळ्याखालून जाई. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडे अथणी आणि चिकोडी, सगळीकडच्या बायका मिरजेला येत, आणि त्यातल्या फार जणी उशिरा आलेल्या असत.

निरोगी गर्भाशयमुखाचे आवरण काचेवर फार सुबक दिसते. तळाशी गडद, गोल, दाटीने बसलेल्या पेशींची एक ओळ असते. तिथे पेशी विभागतात, आणि वर सरकता सरकता चपट्या, फिकट होत शेवटी खपलीसारख्या गळून जातात. विषाणू शिरलेल्या आवरणात वरच्या थरांतल्या काही पेशींच्या केंद्रकाभोवती पांढरे रिकामे वलय दिसते आणि केंद्रक मनुक्यासारखे सुरकुतलेले असते. पुढची पायरी गाठलेली असेल, तर तळाची ती गडद गर्दी मधल्या आणि वरच्या थरांपर्यंत चढलेली दिसते. मला मात्र सुरुवातीच्या अशा काचांवर सर्वांत विचित्र वाटे ती तिथली शांतता. फोड आला किंवा जखम चिघळली, की पांढऱ्या पेशी तिथे झुंडीने जमतात. काचेवर त्या निळ्या ठिपक्यांच्या गर्दीसारख्या दिसतात. इथे विषाणू ठाण मांडून बसलेला असतो आणि ती गर्दी पुष्कळदा जमलेलीच नसते. ही शांतता विषाणूने घडवून आणलेली असते.

या विषाणूचे, म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणूचे, दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतल्या चौदाच्या आसपास प्रकारांना कॅन्सरच्या दृष्टीने धोकादायक मानतात. जगातील गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के कॅन्सर १६ आणि १८ या दोनच प्रकारांमुळे होतात. हॅराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ आणि १९८४ साली हे दोन प्रकार याच कॅन्सरच्या ऊतकांतून वेगळे काढले आणि २००८ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूची जनुकीय सामग्री अगदी तुटपुंजी असते. सात-आठ प्रथिनांचीच कृती तिच्यात लिहिलेली असते. कॅन्सरचा मुख्य भार त्यांतली दोन प्रथिने वाहतात : ई-६ आणि ई-७.

विषाणूला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात, पण त्यासाठी लागणारी यंत्रणा त्याच्याकडे नसते. ती आपल्या पेशीकडे असते, आणि तीही पेशी विभागणीच्या तयारीत असेल तेव्हाच चालू असते. वरच्या थरांतल्या पेशी विभागणे थांबवून निवृत्तीला लागलेल्या असतात. त्यांना पुन्हा कामाला जुंपण्याचे काम ई-७ करते. आपल्या पेशीत आरबी नावाचे एक प्रथिन विभागणीचा लगाम धरून असते. ई-७ त्यालाच चिकटते आणि लगाम सुटतो. लगाम सुटला हे लक्षात घेऊन पेशीतले दुसरे राखणदार, पी-५३ हे प्रथिन, जागे होते. जनुकांत बिघाड झालेल्या किंवा अवेळी विभागू पाहणाऱ्या पेशीला थांबवायचे, आणि ती थांबेना तर तिला मरायला लावायचे, हे पी-५३ चे काम आहे. म्हणून विषाणू ई-६ सोबत बाळगतो. ई-६ पेशीतल्याच एका विकराला (एन्झाइमला) हाताशी धरून पी-५३ वर टाकाऊ मालाची खूण लावते, आणि टाकाऊ प्रथिने मोडणारी पेशीची स्वतःचीच यंत्रणा पी-५३ चा चुरा करते. पेशीचे आयुष्य मोजणारी गुणसूत्रांची टोके पुन्हा लांबवणारे टेलोमरेज हे विकरही ई-६ चालू करते. लगाम गेला, राखणदार गेला, आयुष्याची मर्यादाही गेली. अशा पेशीत वर्षामागून वर्षे जनुकीय चुका साठत राहतात.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडे पी-१६ नावाची चाचणी आली. पी-१६ हे आपल्याच पेशीचे प्रथिन आहे. विभागणी आवरण्यासाठी पेशी ते तयार करते. ई-७ ने आरबी निकामी केलेला असतो, त्यामुळे पेशी पी-१६ वाढवत जाते आणि उपयोग काहीच होत नाही. खंबाटकी घाट उतरताना ब्रेक निकामी झालेल्या ट्रकचा चालक पाय दाबतच राहतो, तशी तिची गत होते. त्या चाचणीत पी-१६ तपकिरी रंगते. पहिल्यांदा सबंध आवरण तळापासून वरपर्यंत तपकिरी झालेली काच पाहिली, तेव्हा ती एका बेचाळीस वर्षांच्या बाईची आहे एवढेच मला अर्जावरून कळले होते. त्या काचेवरचा प्रत्येक तपकिरी ठिपका म्हणजे थांबू पाहणारी आणि थांबता न येणारी एक पेशी होती.

हे काम या दोन प्रथिनांचेच आहे, याचा एक जुना पुरावा जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढतो आहे. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी तेव्हापासून विभागतच आहेत. त्यांच्यात एचपीव्ही १८ चा अंश आहे. प्रयोगात या पेशींतील ई-६ आणि ई-७ बंद पाडल्यावर त्यांची वाढ थांबते, असे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते. धडधाकट मुलीची प्रतिकारशक्ती या विषाणूला पकडत का नाही? पहिली गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा ती पकडते, आणि हेही सभेत प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दहांपैकी सुमारे नऊ संसर्ग दोन वर्षांच्या आत आपोआप जातात. प्रश्न उरलेल्यांचा असतो.

हा विषाणू रक्तात उतरत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांतून तो आवरणाच्या तळाच्या पेशींत शिरतो आणि तिथे आपली प्रथिने जेमतेम बनवून गुपचूप राहतो. तो पेशी फोडून बाहेर पडत नाही, त्यामुळे सूज नाही, ताप नाही, वेदना नाही. त्याचे बाह्य कवच एल-१ या प्रथिनाचे असते. शरीराला ओळख पटावी असे तेच प्रथिन तो अगदी वरच्या, गळून जाण्याच्या बेतात असलेल्या थरात बनवतो, जिथे संरक्षक पेशींची फारशी ये-जा नसते. मग तो मेलेल्या खपलीबरोबर बाहेर पडतो. म्हणूनच नैसर्गिक संसर्गानंतर कित्येक स्त्रियांच्या रक्तात मोजता येतील इतकी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला ओळखून रोखणारी प्रथिने, तयारच होत नाहीत.

एवढ्यावर तो थांबत नाही. पेशीत परका डीएनए आला की इंटरफेरॉन हा धोक्याचा संदेश शेजारच्या पेशींना पाठवण्याची व्यवस्था आपल्या शरीरात आहे. ई-६ आणि ई-७ त्या संदेशाच्या तारा वेगवेगळ्या ठिकाणी तोडतात. आवरणात फिरून परक्याची खबर नेणाऱ्या लँगरहान्स पेशींची संख्या संसर्गाच्या जागी कमी झालेली आढळते. शिवाय आपली प्रत्येक पेशी आत चाललेल्या कामाचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवत असते, आणि गस्तीवरच्या टी-पेशी ते तपासत जातात. ते तुकडे धरून ठेवणारे रेणू पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच ई-५ हे तिसरे प्रथिन पेशीच्या आत अडवून ठेवते. गस्तवाला दारावरून जातो आणि त्याला दाखवायला दारात काहीच नसते. मुलगी कबड्डी खेळते, दूध-भाकरी खाते, तिच्या टी-पेशी उत्तम आहेत, हे सगळे खरे असूनही काही जणींच्या बाबतीत असे घडते. कुणाच्या बाबतीत घडेल, हे दहा-बारा वर्षांच्या मुलीकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही.

असा दडलेला संसर्ग टिकून राहिला, तर त्यातून कॅन्सर व्हायला साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. या काळात कधी तरी विषाणूचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात घुसतो, आणि तसे होताना ई-६ व ई-७ ला आवर घालणारे त्याचेच ई-२ हे प्रथिन पुष्कळदा नष्ट होते. त्यानंतर या दोघांच्या उत्पादनावर कसलाही धरबंध उरत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट असतो. संरक्षक टी-पेशी कमी झाल्या की काय होते, ते या आकड्यातून कळते. आपल्या जिल्ह्यातील एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रांत, नियमित येणाऱ्या भगिनींची ही तपासणी २५ व्या वर्षापासूनच व्हायला हवी, आणि त्यासाठी त्यांना वेगळी खेप घालावी लागू नये.

हे सारे आपल्या कार्यालयाला लिहिण्याचे कारण असे, की लस कोणाला, कधी आणि चाचणी कोणाला, हे तिन्ही निर्णय याच प्रथिनांवरून ठरतात. लशीत फक्त एल-१ ची रिकामी कवचे असतात. त्यांच्यात विषाणूचा डीएनए नसतो, म्हणून ती कुणालाही आजार देऊ शकत नाही. विषाणू जे कवच शरीरापासून लपवतो, तेच कवच लस दंडाच्या स्नायूत, संरक्षक पेशींच्या अगदी समोर, नेऊन ठेवते. त्यातून तयार होणारी प्रतिपिंडे नैसर्गिक संसर्गानंतरच्या प्रतिपिंडांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात, आणि पुढे कधी ओरखड्यातून विषाणू आला तर पेशीत शिरण्याआधीच त्याला गाठतात. त्या आईला द्यायचे उत्तर हेच होते : ताई, तुमच्या मुलीची प्रतिकारशक्ती चांगली आहे, म्हणूनच तिला आत्ता विषाणूची ओळख करून द्यायची आहे, कारण पुढे तो स्वतःहून ओळख देणार नाही.

पण तळाच्या पेशीत आधीच बसलेला विषाणू एल-१ बनवतच नाही. तिथे कवचाविरुद्धची प्रतिपिंडे निरुपयोगी ठरतात. म्हणून लस ९ ते १४ या वयात, संसर्गाची शक्यता सुरू होण्याआधी द्यायची. आणि म्हणूनच सभेला आलेल्या आईला लशीचा फारसा उपयोग नाही. तिला चाचणी हवी. आपल्या सभांत मुलीबद्दल बोलले जाते आणि बाकावर बसलेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या आईबद्दल एक शब्दही निघत नाही, याचे मला मनापासून दुःख आहे. मुलींसाठी भरलेल्या सभेत शंभर आया एका छपराखाली बसलेल्या असतात. द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत या बायकांना स्वतःच्या तपासणीसाठी एक रोज बुडवून प्राथमिक आरोग्य केंद्रात या म्हटले, तर त्या येणार नाहीत. मुलीच्या सभेला त्या आलेल्या असतात.

चाचणीने काय साधते, ते शोधायला दूर जावे लागत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात केवळ एकदा एचपीव्ही चाचणी आणि आवश्यक तिथे उपचार मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे आपल्यासारख्याच दुष्काळी, शेतकरी गावांत घडले. या चाचणीचा नमुना स्त्री स्वतः, आडोशाला जाऊन, काडीसारख्या ब्रशने घेऊ शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत मान्य केली आहे. ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी आपल्याकडे चालू आहे आणि तिचाही उपयोग आहेच. मुंबईतील वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी ती करून मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी केले होते. तरीही परपुरुषासमोर टेबलावर झोपायला नको म्हणून टाळणारी बाई हातात ब्रश दिला तर नकार देणार नाही, असे मला इतक्या वर्षांच्या अनुभवावरून वाटते.

लशीच्या भीतीबद्दलही सभेत मोकळेपणाने बोलावे. २०१० साली आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील एचपीव्ही लशीचा प्रकल्प काही मुलींच्या मृत्यूंनंतर थांबवला गेला. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. पण पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनांनी आणि मुख्याध्यापकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. आज व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांचे मूळ तिथे आहे. त्या वेळी देशातील दुसऱ्या एका अभ्यासातले लसीकरणही मध्येच थांबले, आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. त्यांच्या पुढील पाठपुराव्यातूनच एक मात्राही टिकाऊ संरक्षण देते हे २०२१ साली पुढे आले, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय स्वीकारला. पालकांनी यातले काही विचारले, तर "अफवांवर विश्वास ठेवू नका" हे उत्तर पुरत नाही. काय घडले ते सांगावे, इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या मुलींच्या पिढीत हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी घटला हेही सांगावे, आणि सही पालकांचीच घ्यावी, सावकाश.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून सभेत सगळे आवाज खाली आणतात. माझ्या थोरल्या जाऊबाई सत्तेचाळिसाव्या वर्षी याच कॅन्सरने गेल्या. अंगावरून लाल जात होते तेव्हा त्यांनी आठ महिने कुणाला सांगितले नाही, आणि निदान झाल्यावर "हे असल्या बायकांना होतं ना गं?" असे मला एकदाच विचारले. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग होतो. एकाच पुरुषाशी संसार केलेल्या बाईलाही होतो. हे वाक्य सभेत ध्वनिक्षेपकावरून, स्पष्ट आवाजात उच्चारले जावे, अशी माझी खास विनंती आहे.

माझे मागणे एवढेच आहे. प्रत्येक पालक सभेत जीवशास्त्राचे शिक्षक किंवा आरोग्यसेविका यांना बोलायला किमान अर्धा तास द्यावा, आणि सध्याच्या माहितीपत्रकात विषाणू कसा लपतो व लस त्याला कसे उघडे पाडते, ते साध्या मराठीत चित्रासह छापावे. त्याच दारात आशाताईंनी ३० वर्षांवरील मातांची नावे चाचणीसाठी लिहून घ्यावीत. चाचणीत विषाणू आढळला, तर पुढच्या तपासणीची तारीख आणि ठिकाण त्या बाईच्या हातात लेखी पडावे, कारण माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच जणी पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मध्येच हरवल्या.

माझ्याजवळ एक चालू स्थितीतले सूक्ष्मदर्शक आहे, आणि शिकवण्यासाठी राखलेल्या, कोणत्याही रुग्णाचे नाव नसलेल्या तीन काचा आहेत : एक निरोगी, एक वलयांची आणि एक तपकिरी. जिल्ह्यातील कोणत्याही शाळेने बोलावले तर मी एसटीने येईन. खिडकीजवळ एक टेबल आणि विजेची एक जोडणी मिळाली, तर सभेतल्या प्रत्येक आईला मी त्या तिन्ही काचा दाखवीन. पलूसच्या त्या शाळेत मला पुन्हा बोलावले, तर सही न करता गेलेल्या त्या ताईंना आधी निरोप द्यावा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
मिरज, जि. सांगली